टोपी बाजारचं दुकान आणि माईंचा फोन

वकिलाच्या ऑफिसात चहाचे कप आणि किस्से सारख्याच वेगाने साचतात. कप निदान संध्याकाळी कुणीतरी विसळतं. किस्से तसेच पडून राहतात! पूर्वी ते साक्षीदारांचे असायचे. कुणी पिंजऱ्यात उभं राहून वकिलालाच उलट प्रश्न विचारला, कुणी शपथ घेता घेता रडायला लागलं, असं काहीबाही. हल्ली पुरावे फोनमधून, सीडीतून आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून येतात, त्यामुळे किस्स्यांना नुसता ऊत आलाय. परवा बार रूममध्ये मी एक सांगितला तर शेजारची वकिलीण म्हणाली, "मॅडम, लिख डालो ये सब, नहीं तो भूल जाओगी." म्हणून लिहून टाकतेय. नावं अर्थातच बदललीत.

मी इकडे हिंदी मुलखात, दौलतगंज भागात, भैय्यासाहेब टेंब्यांच्या ऑफिसात काम करते. भैय्यासाहेब सत्तरी ओलांडलेले, दिवाणी दाव्यांचे बादशहा. कंप्युटरला ते अजून "ती पेटी" म्हणतात. ऑफिसात आणखी दोघं. एक आमची ज्युनिअर तन्वी, जिचं वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतं. आणि दुसरे मुंशी रामसेवकजी, जे फाइली शिवतात, तारखा सांभाळतात आणि आम्हा सगळ्यांना वेळेवर कोर्टात ढकलतात.

आणि हे सगळे किस्से एकाच केसमधले आहेत!

* * *

केस कदमांची. टोपी बाजारात कदमांचं फेटे-पगड्यांचं जुनं दुकान आहे. आमच्या शहरातल्या लष्कर भागातल्या निम्म्या नवरदेवांच्या डोक्यावर त्यांच्याकडचाच फेटा असतो. थोरला मुलगा वारला, तेव्हापासून त्याची बायको सरोजताई दुकान चालवतात. फेटा त्या स्वतः बांधतात, आणि असा बांधतात की वरात संपली, नवरदेव घोड्यावरून पडला, तरी फेटा हलत नाही.

धाकटे दीर विनायक यांनी दावा लावला. म्हणणं असं, की गणपतीत आरतीनंतर घरच्या सगळ्यांसमोर वहिनींनी दुकान सोडलं, तोंडी वाटणी झाली, आता दुकान माझं. पुरावा म्हणून ऑडिओचा एक तुकडा. त्यात सरोजताईंचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, "घ्या, तुम्हीच सांभाळा सगळं उद्यापासून. मला काही नको."

सरोजताई आमच्यासमोर बसून म्हणाल्या, "आवाज माझाच आहे हो. रागात बोलली असेन. पण त्याच्यानंतर काय बोलणं झालं ते का नाही ऐकवत हे लोक?" दुकान गेलं तर मुलीचं कॉलेज सोडवून देवासला भावाच्या दारात जाऊन उभं राहायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे खरं सांगते.

* * *

तो ऑडिओचा तुकडा समोरच्या वकिलांनी, चतुर्वेदीजींनी, आम्हाला रीतसर सीडीवर पाठवला. सीडी संध्याकाळी आली. भैय्यासाहेब म्हणाले, "रामसेवकजी, फाइल में लगा दीजिए, सुबह सुनेंगे."

आता रामसेवकजींचा एक नियम आहे. ऑफिसात आलेला कुठलाही कागद सुट्टा राहता कामा नये. दाभणासारखा मोठा सुआ, पांढरा दोरा, आणि घट्ट गाठ! त्यांनी शिवलेली फाइल भूकंपातही सुटायची नाही.

सकाळी तन्वीने फाइल उघडली आणि किंचाळली. सीडी फाइलला शिवलेली होती. कव्हरसकट, आरपार, अगदी सुबक टाका!

"मुंशीजी! ये क्या किया आपने? सीडीला भोक पाडलं?"

रामसेवकजींनी चष्मा वर करून शांतपणे पाहिलं. "छेद तो बिटिया इसमें पहले से था. पर बीच में था. फाइल में किनारे चाहिए होता है."

दुसरी कॉपी मागणं आलं. अर्जात कारण काय लिहायचं? मी आणि तन्वी डोकं धरून बसलो. भैय्यासाहेबांनी डोळे मिटून डिक्टेट केलं, "लिहा. प्रतिवादीच्या वकिलांच्या कार्यालयात सदर सीडी अभिलेखास जोडताना गरजेपेक्षा अधिक काळजी घेतली गेल्याकारणाने…"

कॉपी मिळाली!

* * *

त्यानंतर आमच्या हाती लागला कदमांचा फॅमिली ग्रुप. सरोजताईंच्या फोनमधून सगळं संभाषण काढलं, ते वाचायचं काम तन्वीकडे. तोंडी वाटणी खरंच झाली असती तर घरच्या ग्रुपवर कुठेतरी त्याचा उल्लेख असायलाच हवा ना! तन्वी उत्साहात बसली. दुपारपर्यंत तिचा चेहरा उतरला.

"मॅम, यात नुसते गुड मॉर्निंग आहेत. गुलाबाचं फूल, मग सूर्य, मग परत गुलाबाचं फूल. और बीच बीच में किसी का घुटना दुख रहा है."

"वाच," मी म्हटलं. "गुडघ्यांच्या मागेच काहीतरी असतं."

ती रोज वाचत राहिली. पुढच्या वेळी सरोजताई ऑफिसात आल्या तेव्हा तन्वीने त्यांना पाणी दिलं आणि सहज म्हणाली, "काकू, तुमच्या नणंदेच्या मुलीचा वाढदिवस आहे ना उद्या? शिरा करणार असाल तर केळं नका घालू हं, विनायककाकांना चालत नाही."

सरोजताई बघतच राहिल्या. "अगं, दावा लावलाय त्यांनी माझ्यावर!"

"हो काकू, पर केला तो नहीं चलता ना उनको!"

मात्र त्या गुलाबांच्या ढिगातून तन्वीनेच आमचा हिरा काढला. गणपतीनंतर काही दिवसांनी सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, ग्रुपवर लिहिलं होतं, "विनू, माझ्या फोनमधलं आरतीचं रेकॉर्डिंग घेतलंस का रे?" म्हणजे तुकडा जिथून कापला ते मूळ रेकॉर्डिंग माईंच्या फोनमध्ये होतं. माईंनी आरती टेप करायला म्हणून फोन लावला आणि बंद करायला विसरल्या, असं सरोजताईंना मग आठवलं. भैय्यासाहेबांनी त्या दिवशी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. ही घटना आमच्या ऑफिसात क्वचितच घडते.

* * *

तरीही वाटणीबद्दल ग्रुपवर काही नजरेतून सुटलं तर नाही ना, याची खात्री हवी होती. तन्वीने "दुकान" शब्द शोधून पाहिला, एकही मेसेज मिळेना. दुकान चालवणाऱ्या घरात दुकानाचा उल्लेख नाही? मग तिने एका नव्या सॉफ्टवेअरला कामाला लावलं. ते म्हणे हजारो मेसेज वाचून आपोआप गोषवारा देतं. भैय्यासाहेब खुर्ची ओढून पेटीसमोर बसले. तन्वीने गोषवारा मराठीत सांगायला सुरुवात केली.

"या सर्व व्यवहाराच्या केंद्रस्थानी ‘दादा’ नावाची व्यक्ती आहे. सरोज रोज सकाळी दादांकडे जाते आणि संध्याकाळी परत येते. दुपारचा डबाही दादांकडेच खाते. लग्नाच्या दिवसांत दादांकडे फार गर्दी असते. आठवड्यातून एक दिवस दादा कोणालाही भेटत नाहीत."

भैय्यासाहेब ताठ बसले. "अरे, हा दादा कोण? आपल्याला सांगितलं कसं नाही?"

"पुढे आहे सर. दादांचा जबाब या प्रकरणात निर्णायक ठरू शकतो. त्यांना ताबडतोब साक्षीसाठी बोलवावे."

सरोजताईंना फोन लावला. पलीकडून पदर तोंडात कोंबून हसल्याचा आवाज आला. "अहो, दादा म्हणजे माझे आजेसासरे! दुकान त्यांनी काढलं. त्यांना जाऊन जमाना झाला. पण आमच्या घरात दुकानाला दुकान कुणी म्हणतच नाही. ‘दादांकडे जातो’ असंच म्हणतात सगळे, लहान मुलंसुद्धा!"

भैय्यासाहेबांनी थोडा विचार केला. "समन्स काढायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त बजावायला त्या सॉफ्टवेअरनेच जावं."

* * *

माईंच्या फोनची कॉपी तज्ज्ञाकडून रीतसर काढून घ्यायला कोर्टाची परवानगी हवी होती. नेमकं तेव्हाच भैय्यासाहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून घरून व्हिडिओवर हजर राहायचं ठरलं. काळा कोट, गळ्याला पांढरा बँड, समोर लॅपटॉप, सगळं झकास.

पुकारा झाला. आणि डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली असताना भैय्यासाहेब सवयीने ताडकन उभे राहिले!

जजसाहेब म्हणाले, "टेंबे साहब, आवाज तो आ रही है, चेहरा नहीं दिख रहा. सिर्फ कोट के बटन दिख रहे हैं."

"हुजूर, बैठ के बहस मैंने जिंदगी में कभी की नहीं."

त्यांच्या सूनबाई पळत आल्या. लॅपटॉपखाली लॉ रिपोर्टांचे जाडजूड खंड सरकवायला लागल्या. बटनं गेली, बँड आला. आणखी दोन खंड, हनुवटी आली. भैय्यासाहेब वळून हळूच म्हणाले, "सूनबाई, फौजदारीचे संपले असतील तर दिवाणीचे लाव."

माइक चालूच होता! जजसाहेब हसू दाबत म्हणाले, "हाँ हाँ, दीवानी का मामला है, दीवानी ही लगाइए."

परवानगी मिळाली.

* * *

माई राहतात विनायककडे, किला गेट भागात. त्यामुळे त्या आमच्याकडे येतील की नाही, याची धाकधूक होती. पण कोर्टाचा कागद मिळताच माई एकट्या ई-रिक्शात बसून दौलतगंजला आल्या. जिना चढून वर आल्या, धाप लागलेली, फोन पदरात गुंडाळलेला. तज्ज्ञ, तन्वी, चतुर्वेदीजींचे सहाय्यक, सगळे वाट बघत होते.

"माई, तुम्ही आलात, फार बरं झालं," मी म्हटलं.

"मी कुणाच्या बाजूने नाही आली आहे," माई म्हणाल्या. "सरोज पण माझी, विनू पण माझा. फोन मागितला कोर्टाने, म्हणून आली."

पण फोन हातातून सोडेनात! तज्ज्ञाने समजावलं, जसाच्या तसा परत मिळेल म्हणून. माईंनी खुर्ची त्याच्या खुर्चीला चिकटवली. "कॉपी काढा, पण माझ्या नजरेसमोर. एक पण गोष्ट पुसली गेली ना, तर बघा मग."

कॉपी निघाली. आता प्रमाणपत्र. फोनमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने लिहून द्यावं लागतं, की त्या काळात हे यंत्र नीट चालत होतं. मी मजकूर वाचून दाखवला आणि पेन पुढे केलं. माईंनी ते परत माझ्याकडे ढकललं.

"हे मी नाही लिहून देणार."

"का हो माई?"

"खोटं आहे! हा मेला कधी नीट चालला आहे? बोलता बोलता बंद पडतो. चार्जिंगला लावा तर तवा होऊन राहतो. परवा विनूला लावला तर गॅसवाल्याला लागला. मी नाही खोटी सही करत, या वयात."

केस तिथेच आडवी पडली असती. तज्ज्ञ समजावून थकला, मी थकले. तन्वी म्हणाली, "माई, प्लीज ना, बस साइन ही तो करना है." माई टस की मस नाहीत.

मग भैय्यासाहेब काठी टेकत आले आणि समोर बसले. "माई, मला एक सांगा. रेकॉर्डिंग तरी नीट होतं का या फोनवर?"

"रेकॉर्डिंग?" माई उसळल्या. "ते तर मेलं आपोआप सुरू होतं, बंदच होत नाही! सगळं घर टेप होऊन जातं."

"तन्वी, पेटी उघड," भैय्यासाहेब म्हणाले. "हेच लिहायचं. शब्दशः!"

आमच्या जिल्ह्यात असं प्रमाणपत्र पूर्वी कुणी दिलं नसेल: फोन करण्यासाठी हा फोन बेभरवशाचा आहे, परंतु रेकॉर्डिंग करण्याच्या बाबतीत त्याची कोणतीही तक्रार नाही. माईंनी दोनदा वाचलं आणि झोकात सही केली.

* * *

प्रत्येक फाइलचा म्हणून एक हॅश नंबर असतो. फाइलमध्ये जरा जरी फेरफार झाला की नंबर बदलतो. विनायकच्या तुकड्याचा नंबर वेगळा, माईंच्या रेकॉर्डिंगचा वेगळा. हे कोर्टाला समजावायचं होतं. मी छान आकृती काढून नेली होती. भैय्यासाहेबांनी ती उलटी ठेवली आणि उभे राहिले, गुडघ्यासकट.

"हुजूर, हलवाई गजक के डिब्बे पे डोरी बाँधता है. गाँठ उसकी अपनी होती है. किसी ने बीच में डिब्बा खोला, गजक इधर उधर की, फिर बाँध दिया, तो डिब्बा वैसा ही दिखेगा. पर गाँठ बोल देगी. हैश यानी वो गाँठ!"

थंडीचे दिवस, म्हणजे तीळगुळाच्या खुसखुशीत गजकचेच दिवस, त्यात जेवणाच्या सुट्टीआधीची वेळ. कोर्टातल्या प्रत्येकाच्या तोंडाला पाणी सुटलं असणार.

चतुर्वेदीजी घाईघाईने उठले. "हुजूर, हमारा टुकड़ा असली है! उसी डिब्बे का है!"

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "उसी डिब्बे का है? तो फिर पूरा डिब्बा ही खुलवा लेते हैं."

चतुर्वेदीजी बसले. त्यांच्या सहाय्यकाने कपाळाला हात लावला, ते मी पाहिलं.

* * *

आणि मग ती तारीख आली.

कोर्टात छोटा स्पीकर लावला होता. सरोजताई भिंतीपाशी, मुलीचा हात घट्ट धरून उभ्या. विनायक पलीकडच्या बाकावर, मान खाली. माई साक्षीच्या पिंजऱ्यात, फोन पदरात.

रेकॉर्डिंग सुरू झालं. आधी आरती, झांजा, कुणाचं तरी बेसूर ओरडणं, मग ताटल्यांचे आवाज. मग सरोजताईंचा चिरडीला आलेला आवाज, "घ्या, तुम्हीच सांभाळा सगळं उद्यापासून. मला काही नको." इथेच विनायकचा तुकडा संपत होता.

रेकॉर्डिंग पुढे चालू राहिलं. आणि मग विनायकचा आवाज, इतका मऊ, की मी आधी ऑफिसात ऐकलेला असूनही मला पुन्हा आश्चर्य वाटलं.

"असं काय बोलता, वहिनी? दादांकडची गादी तुमची आहे. तुमच्यासारखा फेटा कुणाला बांधता येतो? भाऊ गेला म्हणून काय झालं, मी आहे ना पाठीशी. रडू नका. माई, तू पण जेवून घे बरं आधी. ये, इथे माझ्या शेजारी बस."

स्पीकर बंद झाला.

चतुर्वेदीजी उलटतपासणीला उभे राहिले. तयारी करून आले होते. पहिला भाग खरा, पुढचा भाग बनावट, हा त्यांचा मुद्दा.

"माताजी, आजकल एआई का जमाना है. मशीन किसी की भी आवाज बना देती है. सुना है ना आपने?"

"हाँ, सुना है. तन्वी ने बताया था."

"तो ये जो बाद वाली आवाज है, ये भी मशीन की बनाई हुई हो सकती है? बिल्कुल विनायक जी जैसी?"

माईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मशीन बना देती है? सच में?"

"बिल्कुल बना देती है, माताजी."

"तो भैया, मेरे को एक और बनवा दो ना," माई म्हणाल्या. "ऐसा बोलता हुआ विनू मेरे पास ये एक ही है. इसी को रोज लगा के सुनती हूँ."

चतुर्वेदीजींनी कागद चाळला. तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज आला. विनायक उभे होते.

"बस कीजिए, वकील साहब. आवाज मेरी ही है."

जजसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "सोच के बोलिए. आप समझ रहे हैं ना, इसका मतलब दुकान…"

"भाभी की है, साहब. लिख लीजिए."

जजसाहेबांचा कारकून, म्हणजे रीडर, टाइप करायला लागला. सरोजताईंनी भिंतीला पाठ टेकली आणि मुलीच्या खांद्यात तोंड लपवलं. माईंना आपलं काम संपलं की नाही ते कळेना, त्या पिंजऱ्यातच उभ्या राहून सगळ्यांकडे बघत होत्या. विनायक पुढे गेले आणि त्यांनी हात पुढे केला.

"माई, सावकाश उतर. पायरी आहे."